सोमवारचा फोन : वस्तीत मोबाईलवरून आरोग्याचं काम सुरू करताना

दर सुट्टीत इंजिनिअरिंगची दोन-तीन मुलं मला शोधत येतात. "काकू, वस्तीसाठी आरोग्याचं अ‍ॅप करायचंय." मी चहा ठेवते आणि एकच विचारते, कुणाच्या फोनवर चालणार ते? मग आम्ही पुण्यातल्या पर्वतीच्या उतारावरच्या आमच्या गल्लीतून एक चक्कर मारतो. पहिल्या घरात बटणाचा फोन. दुसऱ्या घरात मोठा स्मार्टफोन, पण तो मुलगा रिक्षावर घेऊन गेलेला. तिसऱ्या घरात रिचार्ज संपून आठ दिवस झालेले. चौथ्या घरातल्या आजींचा फोन झकास, फक्त नातवाच्या गेमने इतका भरलाय की एक फोटो काढायचा तर जागा नाही. गल्लीच्या वरच्या टोकाला पोचेपर्यंत अ‍ॅपचा विषय आपोआप मागे पडतो. मुलं जरा हिरमुसतात, पण कामाला लागतात.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. निवृत्तीनंतर आशाताईंच्या, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या सरकारी आरोग्य कार्यकर्तीच्या, जोडीने फोनवरून रोग्यांचा पाठपुरावा करते. त्यात जे जमलं आणि जे फसलं, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने लिहिते आहे. सामान फार लागत नाही. एक फोन, एक वेगळं सिम आणि एक लांब वही.

पायरी १ : आधी दवाखाना, मग फोन

महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात जा. डॉक्टर, सिस्टर आणि आशाताई या तिघांना भेटा आणि विचारा, "तुमची कोणती माणसं मधेच येईनाशी होतात?" उत्तर लगेच मिळतं. बीपी-शुगरची माणसं बरं वाटलं की गोळ्या सोडतात. टीबीची माणसं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला की गायब होतात. गरोदर बाई सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि तिचं कार्ड इकडेच राहतं.

यातलं एकच काम निवडा. सगळं एकदम घेऊ नका. मी नवख्यांना बीपी घ्यायला सांगते, कारण बीपी दुखत नाही, म्हणूनच माणूस ते विसरतो. शिवाय गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत असतात, त्यामुळे "पैसे नव्हते" हा प्रश्न निदान तिथे तरी आडवा येत नाही. पंचवीस-तीस माणसं पुरेत. एक गल्ली, एक आजार, एक वही.

मोठ्या प्रमाणावर हे कसं चालतं ते बघायचं असेल तर शेजारच्या साताऱ्याकडे बघा. २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला, त्यात आपल्या राज्यातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत सातारा होता. त्या उपक्रमात 'सिंपल' नावाचं अ‍ॅप वापरतात. नर्स बीपीचा आकडा टाकते आणि ठरल्या तारखेला कोण आलं नाही त्यांची यादी अ‍ॅप काढून देतं. मग नर्स त्या माणसांना फोन लावते. अ‍ॅपची सगळी करामत त्या यादीत आहे, आणि पंचवीस माणसांची यादी वहीतही निघते.

एक पथ्य पाळा. दवाखान्यातून रोग्यांची नावं मागू नका. आशाताई घरी जाऊन आधी विचारतील, "काकूंनी फोन केला तर चालेल का?" होकार आला की मगच नाव तुमच्या वहीत येऊ द्या.

पायरी २ : नंबर नेमका कुणाचा?

वहीत नावापुढे नुसता नंबर लिहू नका. नंबर कुणाचा, फोन दिवसभर कुणाकडे असतो, स्मार्ट की बटणाचा, वाचता येतं का, आणि हा लागला नाही तर दुसरा कुणाचा, हे पाचही रकाने भरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, स्वतः वापरते असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात जेमतेम ५४ टक्के निघाल्या. म्हणजे बाईच्या नावापुढे लिहिलेला नंबर तिचाच असेल असं धरून चालू नये. आमच्या यादीत तर एका बाईचा नंबर तिच्या जावेचा होता, आणि त्या दोघींचं वर्षभर बोलणं नव्हतं. फोन लागायचा, निरोप मात्र पोचायचा नाही.

नंबर बदलतातही फार. कुठे नव्या सिमवर ऑफर असते, कुठे रिचार्जची मुदत संपून इनकमिंग बंद होतं. दर तीन महिन्यांनी आशाताईंबरोबर एक फेरी मारून वही ताजी करा. हे काम कंटाळवाणं आहे, आणि बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

पायरी ३ : परवानगी आणि मौन

इथे माझी चूक सांगते. सुरुवातीच्या दिवसांत एका मुलीला मेसेज केला, "टीबीच्या गोळ्या घेतल्या का?" नंबर घरमालकाच्या फोनचा निघाला. तिने तोच दिला होता, कारण तिच्याकडे फोन नव्हता. दोन दिवसांत खोली सोडायची वेळ आली तिच्यावर. सिस्टरांनी आणि आशाताईंनी घरमालकाला समजावलं, ती राहिली, पण नंतर कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं काही चुकलं नव्हतं.

तेव्हापासून आजाराचं नाव मेसेजमध्ये लिहीत नाही आणि पहिल्या वाक्यात उच्चारतही नाही. समोरून "हॅलो" आलं की आधी "कोण बोलतंय?" असं विचारते. तीच व्यक्ती असेल तर "आत्ता बोलायला मोकळ्या आहात का?" हे विचारते. दुसरं कुणी असेल तर "काकूंचा फोन होता म्हणून सांगा," एवढंच सांगून ठेवते. टीबी, एचआयव्ही, मनाचे आजार, गर्भपात या चार गोष्टींत तर तोंडाला कुलूप. आपली डिजिटल माहिती कुणी कशी वापरावी यावर २०२३ पासून देशात कायदा आहे, पण गल्लीत कायद्याआधी शेजारणीचे कान पोचतात.

वही कुलपात ठेवा. तिचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, कामातल्या माणसालासुद्धा.

पायरी ४ : बोलायचं कशावरून?

थेट फोन सगळ्यांत चांगला. वाचता येवो न येवो, स्मार्टफोन असो नसो, आवाज पोचतो. शिवाय ऑपरेटरच्या नोकरीत एक कळलं होतं, "बरी आहे" हे शब्द आणि "बरी आहे" हा आवाज नेहमी जुळतात असं नाही. लेखी मेसेजला ते कळत नाही.

एसएमएस पाठवायचा तर हिशेब लक्षात ठेवा. इंग्रजी अक्षरांत एका मेसेजमध्ये १६० खुणा मावतात, देवनागरीत फक्त ७०. त्यात मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलंत, मधली मोकळी जागा सगळं वेगवेगळं मोजलं जातं. त्यापुढे गेलात की एकाचे दोन मेसेज होतात आणि पैसेही त्या हिशेबाने कापले जातात. म्हणून "आपण आपल्या रक्तदाबाची नियमित तपासणी करून औषधोपचारात सातत्य राखावे" असं सरकारी परिपत्रक पाठवण्याऐवजी मी असं लिहिते :

मावशी, गोळ्या शुक्रवारी संपतात. उद्या दवाखान्यात या. जुनी पट्टी आणा.

हे मोजलं तर ६८ भरतं. कधी, कुठे, काय घेऊन, सगळं त्यात आलं. हा मेसेज बीपीवाल्यांना चालतो. टीबीवाल्यांना यातलं "गोळ्या" सुद्धा नको.

शेकडो लोकांना एकदम एसएमएस पाठवायची हौस असेल तर तो नाद सोडा. ठोक मेसेजसाठी संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची आधी टेलिकॉम कंपनीकडे नोंदणी करावी लागते. पंचवीस माणसांसाठी तो खटाटोप कशाला?

व्हॉट्सअ‍ॅप वापरा, पण रोग्यांचा ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, म्हणजे कोण कसल्या गोळ्या घेतं हेही दिसतं. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी करा. तिथे प्रत्येकाला मेसेज एकेकट्याने जातो. त्यात मेख अशी की ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. तेव्हा पहिल्या भेटीतच समोर बसून त्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह करून द्या. वाचता येत नसेल तर नावाच्या जागी एखादं चित्र टाका. आमच्या गल्लीत मी "फोनचं चित्र आणि फूल" आहे.

मिस्ड कॉल विसरू नका. आपल्याकडे "पोचलो" हे सांगायला लोक वर्षानुवर्षं मिस्ड कॉल देत आले आहेत, आणि टीबीच्या उपचारात त्या सवयीचा फार सुरेख उपयोग झाला आहे. ९९-डॉट्स नावाच्या पद्धतीत गोळी पाकिटातून बाहेर काढली की तिच्यामागे दडलेला एक नंबर दिसतो. रोग्याने त्यावर फुकटचा कॉल द्यायचा. कोणत्या दिवशी कोणता नंबर निघेल हे आधी कळत नाही, त्यामुळे गोळी काढल्याशिवाय कॉल देता येत नाही. आम्ही त्याचीच घरगुती नक्कल केली आहे : दवाखान्यात जाऊन आलात की मला एक मिस्ड कॉल. रिचार्ज नसला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून.

वेळेचं म्हणाल तर एक ते चारमध्ये फोन करू नये हा नियम पेठांमधला. वस्तीत नेमकं उलटं. धुण्याभांड्याला गेलेल्या बायका दोनच्या सुमाराला घरी येतात, पाणी येऊन गेलेलं असतं, मुलं शाळेत असतात. अडीच ते साडेतीन हा माझा सोन्याचा तास. रात्री मालिकांच्या वेळेत फोन केलात तर "हो हो" येतं, तेवढंच.

पायरी ५ : विचारा, सांगू नका

ही पायरी सावकाश वाचा.

केनियात एचआयव्हीच्या रोग्यांवर एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नैरोबी आणि आसपासच्या दवाखान्यांतल्या ५३८ रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला दर सोमवारी दवाखान्याकडून स्वाहिलीत एक शब्दाचा एसएमएस जायचा, "मांबो?" म्हणजे आपलं "काय, कसं काय?" दोन दिवसांत उत्तर द्यायचं. "सावा" म्हणजे ठीक आहे, "शिदा" म्हणजे अडचण आहे. शिदा आलं किंवा काहीच आलं नाही, तर नर्स स्वतः फोन करायची. औषधं नीट घेतल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण या गटात ६२ टक्के निघालं, मेसेज न गेलेल्या गटात ५० टक्के. रक्तातला विषाणू दबलेला असण्याचं प्रमाणही पहिल्या गटात जास्त होतं.

त्या मेसेजमध्ये काय नाही ते बघा. औषधाचं नाव नाही, आजाराचं नाव नाही, उपदेश नाही. फोन नवऱ्याच्या हातात पडला तरी त्यातून काही कळत नाही. आणि "शिदा" म्हटलं की खरोखर कुणीतरी फोन करतं. माझ्या मते बारा टक्क्यांचा फरक त्या फोनने पडला, मेसेजने नाही. रोज गोळीची आठवण करून देणारा गजर कुणीही लावून देईल. चार दिवसांनी माणूस तो बंद करतो, जसे आपण सकाळचे शुभप्रभात मेसेज न बघताच पुसतो.

म्हणून आमचाही वार सोमवार. फोन लावायचा आणि विचारायचं, "काय मावशी, कसं काय?" मग गप्प बसायचं. नवखी मुलं इथे हमखास चुकतात. त्यांना शांतता सहन होत नाही, लगेच "गोळ्या घेताय ना?" असं विचारतात, आणि समोरून "हो" येतं. पाच-सहा सेकंद थांबलात तर खरं बाहेर येतं. गोळीने पाय सुजतात म्हणून सोडली. गावाला जत्रेला गेलो, पट्टी तिथेच राहिली. सून म्हणते रोज गोळ्या खाऊन किडनी जाते. यातल्या प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. पाय सुजले तर डॉक्टर गोळी बदलू शकतात, हे मावशींना ठाऊक नसतं. तुम्ही फक्त एवढं सांगायचं, "गुरुवारी सिस्टरांना दाखवा, मी त्यांना सांगून ठेवते," आणि खरंच सांगून ठेवायचं. गोळी बदला, अर्धी घ्या, बंद करा असं स्वतःच्या तोंडून कधीही काढू नका. आपण डॉक्टर नाही.

उत्तर देणारं कुणी नसेल तर प्रश्न विचारूच नका. "शिदा" ऐकून गप्प बसलात तर पुढच्या सोमवारी तो माणूस "सावा" म्हणेल आणि तुम्हाला वाटेल, चला, सुधारलं.

पायरी ६ : १०८ ची तालीम

अँब्युलन्सचा नंबर सगळ्यांना पाठ असतो, पत्ता सांगता येत नाही. राज्यातली १०८ सेवा २०१४ साली सुरू झाली, तिचं नियंत्रण केंद्र आपल्याच औंधला. पण फोन उचलणाऱ्याला आमची गल्ली कुठून कळणार? "अहो ते वरच्या नळापाशी" म्हणून भागत नाही.

एका रविवारी बायका जमवा आणि तालीम करा. एकीने ऑपरेटर व्हायचं, दुसरीने घाबरलेली सून. मुख्य रस्ता कोणता, गाडी कुठपर्यंत येते, तिथली ठळक खूण कोणती, रोगी कोण, वय काय, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, हे या क्रमाने सांगायचं. समोरचा ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही, आणि नंतर तो मोकळा ठेवायचा, कारण गाडीतून परत फोन येतो. तोवर आत्याला, मामाला कळवत बसायचं नाही. एक पोरगा खाली रस्त्यावर उभा करायचा. आमच्याकडे गाडी मंडळाच्या शेडपर्यंतच येते, पुढे पायऱ्या आहेत. म्हणून कोणत्या घरात मजबूत खुर्ची आहे हेही ठरलेलं आहे.

हे मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक घराच्या दारामागे चिकटवा. बटणाच्या फोनवर एखादं बटण दाबून धरलं की नंबर लागेल अशी सोय करून द्या, आजींना तेच जमतं. त्याच कागदावर आणखी काही नंबर लिहा. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला दवाखान्यात मोफत न्यायला १०२. मन बिघडलं, जीव नकोसा झाला तर १४४१६, ही टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. टीबीची माहिती १८००-११-६६६६ वर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणतं ऑपरेशन, कोणत्या रुग्णालयात होतं ते १५५३८८ वर विचारा, अ‍ॅडमिट व्हायच्या आधी, नंतर नव्हे.

पायरी ७ : फोनवरचा डॉक्टर

सरकारची ई-संजीवनी ही घरबसल्या डॉक्टरांशी बोलायची मोफत सोय. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, ती सामान्य माणसासाठी खुली झाली. ती सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या मोहाली केंद्राने बनवली आहे. सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात, त्यामुळे इथल्या मुलांना तिचा जरा जास्तच अभिमान असतो. मोबाईल नंबर टाकायचा, आलेला ओटीपी भरायचा, रोग्याची माहिती द्यायची, टोकन मिळतं, नंबर लागला की व्हिडिओवर डॉक्टर येतात आणि चिठ्ठी फोनवरच मिळते.

डॉक्टर मोजकी मिनिटं देतात, त्यामुळे तयारी आधी करा. चालू गोळ्यांच्या पट्ट्या नावाची बाजू दिसेल अशा समोर मांडून ठेवा. ताप मोजलेला असू द्या. बीपी मोजायचं तर पाच मिनिटं टेकून बसल्यावर, चहा आणि तंबाखूनंतर लगेच नको. जुन्या रिपोर्टचे फोटो आधीच काढून ठेवा. कागद सपाट जमिनीवर, दारातल्या उजेडात, फ्लॅश बंद, नाव आणि तारीख चौकटीत यायलाच हवी. मी पाहिलेल्या निम्म्या फोटोंत आकडे असतात, पण रिपोर्ट कुणाचा ते कळत नाही. अंगावरच्या पुरळाचा फोटो एक जवळून आणि एक लांबून. शेजारी रुपयाचं नाणं ठेवलं की आकार कळतो.

फोनवरून उपचार कसे करावेत याचे नियम केंद्राने २५ मार्च २०२० रोजी काढले. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. काही औषधं फोनवरून लिहून देताच येत नाहीत. समोर तपासायला हवं असं वाटलं तर डॉक्टर तसं सांगू शकतात. त्यांनी तसं सांगितलं तर तो टाळाटाळीचा प्रकार समजू नका.

काही वेळा फोन उघडूच नये, सरळ गाडी बोलवावी. छातीत दुखून घाम फुटला. तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा एक हात उचलेना. दम लागून वाक्य पुरं होईना. गरोदरपणी अंगावरून रक्त गेलं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटातलं बाळ हलेनासं झालं. तान्हं बाळ दूध ओढेना, झटका आला, किंवा श्वास घेताना छाती आत जाते. अशा वेळी व्हिडिओत गेलेली पाच मिनिटं परत मिळत नाहीत.

मुळशी, भोर, राजगडकडच्या वाड्यांवर काम करणार असाल तर आणखी एक काम करा. रेंज नेमकी कुठे येते ते आधी शोधून ठेवा. एखादं देऊळ, एखादा कठडा, कुणाची गच्ची. गावकऱ्यांना ते बरोबर माहीत असतं, विचारायचं फक्त.

पायरी ८ : आभा, ओटीपी आणि भीती

आभा हा आरोग्य खात्याचा १४ आकडी क्रमांक. तो असला की जे दवाखाने त्या व्यवस्थेत आहेत तिथले रिपोर्ट एका जागी जोडता येतात, आणि काही मोठ्या सरकारी रुग्णालयांत क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरचं टोकन मिळतं. रांगेत उभं राहून पाय सुजवून घेणाऱ्यांना त्याची किंमत कळेल. पण तो काढणं ऐच्छिक आहे. नाही म्हणून उपचार अडत नाहीत, हे मावशींना ठासून सांगा.

सध्या खरी अडचण वेगळीच आहे. डिजिटल अटकेच्या, म्हणजे फोनवर पोलीस असल्याचं भासवून पैसे उकळण्याच्या, बातम्यांनी लोक इतके धास्तावलेत की अनोळखी फोन उचलतच नाहीत, आणि बरोबर करतात. म्हणून पहिला फोन आशाताई समोर बसलेल्या असताना करा. ओटीपी तुम्ही कधीही मागणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा आणि मग खरोखर कधीच मागू नका. आभा काढून देताना ओटीपी त्यांच्या फोनवर त्यांनीच वाचायचा, त्यांनीच टाकायचा. जमेना तर नातीला बोलवायचं. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

पायरी ९ : गरोदर बायका आणि टीबीची माणसं

दोन सरकारी सोयी तयारच आहेत, त्या नव्याने शोधून काढू नका. 'किलकारी' या सेवेत चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक असे ७२ ध्वनिसंदेश फोनवर येतात, फुकट आणि बटणाच्या फोनवरसुद्धा. महाराष्ट्रात ही सेवा २०२४ मध्ये आली. आशाताईंनी नोंदवलेला नंबर बरोबर असला तरच हे फोन येतात, म्हणून दुसरी पायरी पुन्हा वाचा. कंपनीची जाहिरात समजून बायका फोन कापतात, तेव्हा पहिला कॉल आला की तो नंबर सेव्ह करून द्या आणि फोन स्पीकरवर टाकायला शिकवा. सासूने ऐकला की निम्मं काम होतं. बाळंतिणीच्या पथ्यपाण्याचा कारभार तिच्याच हातात असतो.

टीबीच्या रोग्याला निक्षय पोषण योजनेतून उपचार संपेपर्यंत महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात मिळतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. पैसे अडतात ते बहुतेक खात्याच्या तपशिलात. सोमवारच्या फोनमध्ये "पैसे आले का?" हे विचारा. गोळीचं विचारण्यापेक्षा या प्रश्नाला जास्त मोकळं उत्तर मिळतं.

पायरी १० : फॉरवर्डचं काय करायचं

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे हातापायातली ताकद जाते त्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण सापडायला लागले तेव्हा माझ्या फोनवर दिवसाला पंधरा-वीस सल्ले यायचे. कुणी काढा सांगे, कुणी कोंबडी बंद करा म्हणे. मी भांडत बसले नाही. सिस्टरांना गाठलं, त्यांच्याच आवाजात चाळीस सेकंदांचा मेसेज रेकॉर्ड केला : पाणी उकळून प्या, उघड्यावरचं कच्चं खाऊ नका, हातापायातली ताकद कमी वाटली तर लगेच दवाखान्यात या. तो मेसेज माझ्या यादीबाहेर कुठल्या कुठे फिरला. चुकीच्या मेसेजला "खोटं आहे" असं उत्तर देण्यापेक्षा ओळखीच्या माणसाचा आवाज पाठवा. सिस्टरांचा आवाज गल्ली ओळखते.

औषधाबद्दल शंका आली तर पाकीट बघा. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. स्कॅन केलं की औषधाचं नाव, बॅच, मुदत दिसते.

पायरी ११ : वहीत काय मोजायचं

किती फोन केले, किती मेसेज गेले, हे मोजू नका. देणगी मागायला ते आकडे छान दिसतात, एवढंच. तीनच गोष्टी लिहा. या महिन्यात गोळ्या न्यायला कोण आलं, कुणाचं बीपी १४०/९० च्या खाली आहे, आणि कुणाची "अडचण" अजून सुटलेली नाही. तिसरा रकाना लाल पेनाने. महिन्याच्या शेवटी तो घेऊन सिस्टरांसमोर बसा. फोन न उचलणाऱ्यांची नावं आशाताईंना द्या. सलग तीन सोमवार फोन लागला नाही तर चौथ्यांदा फोन नाही, चप्पल घालायची आणि वर चढायचं.

सिम स्वतःच्या नावाचं पण कामापुरतं वेगळं ठेवा. ते दुसऱ्या कुणाला चालवता आलं पाहिजे, कारण तुम्हीही आजारी पडाल, लग्नाला जाल, कंटाळाल. गेल्या गणपतीत माझा पाय मुरगळला तेव्हा फोन आणि वही गल्लीतल्या नर्सिंग शिकणाऱ्या मुलीकडे दिली. ती अजून तिच्याकडेच आहे. तिने पहिल्याच आठवड्यात यादी तपासली आणि त्यात एक नाव वाढवलं. आता सोमवारी अडीच वाजता मला फोन येतो. "काय काकू, कसं काय?" म्हणते आणि गप्प बसते. मी पाच-सहा सेकंद टिकाव धरते, मग सांगते, की परवापासून गोळ्या संपल्यात आणि मी अजून खाली उतरलेली नाही.